यंदा धुराचं काय करायचं

गिरजा, आज सकाळी सुमननं विचारलं, "मामाजी, होळी होऊन गेली. बियाले धूर द्यायचा हाय. यंदा नळी कोन बंद करनार?"

आपली सून कमी बोलते, तुला माहीत आहे. तिनं विचारलं म्हणजे चार दिवस मनात घोळवूनच विचारलं असणार. ढोरांना पाणी दाखवायचं आहे म्हणून मी उठलो अन् कोठ्यात गेलो. पाणी मी आधीच दाखवलं होतं. बैलानंही माझ्याकडं पाहून मान फिरवली.

नावानं हाक मारून राहिलो म्हणून रागावू नको. लग्नात उखाण्यात तुझं नाव घेतलं, त्यानंतर हे आता. मधली सारी वर्षं 'अवो' वरच निघाली. आता सवयीनं 'अवो' निघून गेलं की सुमन बिचकून चुलीपासून उठते. तिला वाटते सासरा तिच्यावर खेकसला. म्हणून नाव घ्यावं लागून राहिलं.

मी चौथी शिकलेला माणूस. तेरवी होऊन महिनाही झाला नाही अन् मी कागद घेऊन बसलो, लोक हसतील तर हसोत. तुझं-माझं भांडण अर्धं राहिलं. अर्धं भांडण घेऊन मला जेवण जात नाही.

भांडण धुराचं. अन् बियाचं. आपल्या घरात ज्वारीचं बी कधी विकत आलं नव्हतं. माझ्या मायनं राखलेली ती ज्वारी, उंच, बैलबंडी आत शिरली तर बंडीवरचा माणूस दिसू नये अशी. कडबा असा गोड की बैल ताटाचं बूडसुद्धा सोडत नव्हते. दरवर्षी उभ्या पिकातून चांगली कणसं निवडायची, जुड्या बांधायच्या अन् चुलीवरच्या आढ्याला टांगायच्या. मृगापर्यंत त्या तिथंच. रोजच्या सैंपाकाचा धूर लागून लागून कणसं काळी पडायची, अन् दाणा पोखरणारे ते सोंडे त्यांच्याकडं फिरकत नव्हते. त्याच धुरानं छपराच्या कवेलूखालचे बांबू टिकायचे, वाळवी लागत नव्हती. धूर आपल्या घरचा राखणदार होता. त्याला जेवायला घालावं लागत नव्हतं.

तोच धूर तुझ्या डोळ्यात जात होता. पण ते तेव्हा कोणी बोलत नव्हतं. तूही नाही.

मग ऐंशी सालानंतर जीप आली. त्या वर्षांत आपल्या सौसरकडच्या गावांत योजना म्हणजे जीपच. धूळ दिसली की लोक म्हणायचे, आली योजना. कधी ती झाडं लावायला सांगायची, कधी शेणाचा गॅस करायला, कधी पोरं कमी करायला. या खेपेला ती म्हणाली, बिनधुराची चूल बांधा. लाकूड कमी लागेल, जंगल वाचेल, बायांचे डोळे वाचतील. सौसरला बायांचं शिविर ठेवलं होतं. ग्रामसेविका घरी सांगायला आली तर तू पदर खोचून तयारच. मला विचारलंही नाही, सांगितलं.

मी म्हटलं, "दिल्लीतल्या मानसाले तुह्या चुलीचा धूर काहून टोचून राहिला? त्याचं काय अडलं?"

"त्याचं काई नाई अडलं. माहं अडलं."

"जंगल वाचवाचं म्हनते. जंगल काय तुह्या कपाशीच्या पऱ्हाट्यायनं संपलं? ट्रक चालले भरभरून, थे नाई दिसत कोनाले. तिगावच्या टेशनावर संत्र्याच्या पेट्या पाह्य, सारं लाकूडच हाय. आन् बोट कोनाकडं, तं बाईच्या चुलीकडं."

तू पितळी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, "ट्रकाचा धूर माह्या डोळ्यात नाई जात. चुलीचा जाते."

धुराचं तुझं खरं. पण ट्रकांचं माझं म्हणणं खोटं आहे, असंही मला कोणी दाखवून दिलं नाही. डोक्यावर मोळी घेतलेली बाई नाक्यावर अडते, ट्रकाजवळ पास असते. जंगल वाचवायचं असेल तर आधी कोणाचा हात धरायचा, हे सांगायला कधी जीप आली नाही. हे मी आजही म्हणतो. तू गेली म्हणून माझं म्हणणं बदललं असं समजू नको.

शिविरातून तू आली ती चुलीचा लोखंडी साचा डोक्यावर घेऊनच. अन् पहिलं काम काय केलं, तर माझ्या मायच्या हातची चूल फोडली. हळद-कुंकू वाहून फोडली, तेवढं केलं. मी बाहेर ओट्यावर बसून होतो. आत सब्बल पडत होती अन् मला वाटत होतं, आज चूल, उद्या मी.

माती, शेण अन् भुसा कालवून तू नवी चूल घातली. दोन तोंडं, मागं सिमेंटची नळी, थेट कवेलूच्या वर काढलेली. वाळली तशी पेटवली अन् मला आत बोलावलं. धूर निमूट मागं नळीत शिरत होता, एखाद्या गरीब जावयासारखा.

"पाहा तरी."

"पाह्यलं."

"काय पाह्यलं?"

खरं म्हणजे मी चूल पाहातच नव्हतो. एवढी वर्षं तू रांधताना कशी दिसते ते मला ठाऊक नव्हतं. धुरात कोण पाहते? तुझ्या कपाळावर जळल्याचा एक डाग होता, तोही मला त्या दिवशी दिसला. विचारलं तर म्हणाली, लग्नाच्या पहिल्या वर्षीचा आहे.

भाकर खाताना मी म्हटलं, चव नाही. तू म्हणाली, "चव नाई का धूर नाई, नीट सांगा."

त्यानंतर तू गावभर चुली घालत फिरली. बाया सकाळीच दाराशी यायच्या, गिरजाबाई, आमच्या घरी कधी? तुझे हात कोपरापर्यंत मातीचे. घरी आली की सांगायची, अमकीच्या घरी नळी सरळ बसली, तमकीच्या सासूनं शिव्या दिल्या. मी ऐकायचो. माझा संशय मी खिशात ठेवून होतो. मला वाटत होतं, फुकट काही येत नसते. कुठून तरी काही तरी जाणार आहे, फक्त कुठून ते दिसून नाही राहिलं.

मृगाच्या तोंडावर दिसलं.

पेरणीसाठी आढ्यावरची जुडी काढली. कणीस तळहातावर चोळलं तर दाण्याच्या जागी पीठ. सोंडे माझ्या मनगटावर चढले. दुसरी जुडी काढली, तेच. माझ्या मायची ज्वारी, तिनं दुष्काळातसुद्धा उपाशी राहून राखलेली, माझ्या हातात पिठासारखी पडून राहिली होती. धूर नळीतून वर निघून जात होता, बियाला कोण राखणार? हे ना साहेबाच्या डोक्यात आलं, ना शिविरात कोणी सांगितलं, ना तुझ्या डोक्यात आलं, ना माझ्या. वर्षभर त्याच आढ्याखाली बसून मी भाकर खाल्ली अन् एकदा मान वर केली नाही.

गावात घरोघरी तेच झालं. अन् त्याच हप्त्यात जीप आली. या खेपेला बियाण्याची पाकिटं घेऊन. गुलाबी औषध लावलेलं बी, पाकिटावर हसणारा शेतकरी. बुटकी ज्वारी, कडबा नाही म्हणण्याइतका, अन् तिचं बी ठेवून पुढल्या वर्षी पेरलं तर धड येत नाही. म्हणजे पुन्हा पाकीट.

मी भर चौकात बोललो. "एका हातानं बी मारलं, दुसऱ्या हातानं पाकीट देऊन राहिले. चूल बी ह्याच जीपमंदून आली, पाकीट बी ह्याच जीपमंदून. हे उगीच झालं का?"

तू बायांमध्ये उभी होती. तिथूनच म्हणाली, "अवो वसंताचे बाबा, जीपच एक हाय त्यायच्यापाशी."

सारे हसले. ड्रायव्हरसुद्धा हसला. मी हसलो नाही. अजूनही हसलो नाही. तुझं म्हणणं बरोबर असेल. पण माझी शंका अशी की, ज्याला चूल बांधताना बी दिसलं नाही त्याला पाकीट बरोबर कसं दिसलं? यावर तू नुसती म्हणायची, "तुमी आंब्याच्या झाडाखाली बी म्हनाल, सावली काहून देऊन राहिला, सांग." म्हणायची अन् उठून जायची. उत्तर दिलं नाही, गिरजा. मस्करी केली.

बी वाचलं ते लोधीखेड्याला दिलेल्या माझ्या बहिणीमुळं. तिच्याकडं आपलंच बी गेलेलं होतं अन् तिच्या घरी जुनीच चूल होती, घर काळं कुट्ट. तिथून पायलीभर आणलं. येताना मी तुझ्यासाठी बोलणं तयार करूनच आलो होतो. पण तू ओट्यावर बसून होती, अन् समोर शेवंताबाई उभी राहून बोलत होती.

शेवंता म्हणजे आपली मागच्या आळीची, जिभेला हाड नसलेली. "गिरजाबाई, डोळे वाचवले वो माहे. पन बी खाल्लं. आता वाचल्या डोळ्यानं काय पाहू, रिकामं वावर?"

तू खाली मान घालून ऐकून घेतलं. मग मी माझं बोलणं गिळलं. ते माझ्या पोटात अजून आहे.

शेवंतानं नळी काढून मोरीला लावली. दुसऱ्या कोणी कोंबड्यांच्या खुराड्याला लावली. एका वर्षात तू घातलेल्या चुली निम्म्यावर आल्या. पऱ्हाट्या लांब, चुलीचं तोंड लहान, गुडघ्यावर मोडत बसायला कोणाला वेळ आहे, हेही कारण होतं. वाळवीचंही होतं. पण मोठं कारण बीच. तू प्रत्येकीच्या घरी गेली, पुन्हा लावा म्हणाली. काहींनी लावली, काहींनी पाणी दिलं अन् गोष्ट बदलली. आपली मात्र तू काढू दिली नाही. मी सब्बल हातात घेतली होती. तू चुलीसमोर बसली अन् म्हणाली, "फोडा. पन मंग उद्यापासून रांधाले तुमी बसा."

मग आपलं जे ठरलं ते ठरलं. होळी झाली की थोडे दिवस मी कवेलूवर चढायचं अन् नळीच्या तोंडाला ओलं पोतं बांधायचं. घरातल्या चुलीत गोवऱ्या अन् कडूनिंबाचा ओला पाला टाकायचा, धूर केला की दार ओढून बाहेर यायचं. बियाचा धूर पुरा झाला की कणसं झोडायची अन् बी राखेत कालवून कणगीत भरायचं. तेवढे दिवस तू अंगणात तीन दगडांवर रांधायचं. शिडी तू धरायची.

"पडाल तं मंग मले सांगाले येऊ नका."

"मेल्यावर कोन सांगाले येते?"

"तुमचा काई भरोसा नाई."

कवेलू माझ्या पायाखाली फुटायचे अन् तू खालून मोजायची, हे एक, हे दुसरं. मला ते दिवस आवडायचे, आता सांगतो. तू शिडी धरून शिव्या द्यायची अन् मी वरून साऱ्या गावाचे धूर पाहायचो, कोणाचा नळीतून निघते, कोणाचा कवेलूतून.

एका वर्षी नेमका तेव्हाच चुली तपासणारा माणूस आला. नळीवर पोतं, घरात धूर, बाई अंगणात रांधून राहिली. त्यानं लिहिलं, चूल बंद.

तू उलथनं घेऊनच उठली. "बंद नाई साहेब, सुटीवर हाय. लिहा की बियासाठी बंद ठेवली. तुमाले किती डाव सांगतलं, बियाचं बी काई तरी करा. चूल देता तं बियाले धूर देयाची एखादी खोली बी द्या गावाले."

आपल्या इकडं सरकार हिंदीत बोलते. तो म्हणाला, "बाई, फारम में बीज के लिए जगह नहीं है।"

"फारमात नाई तं नाई. घरात हाय ना."

त्यानं 'चूल बंद' असंच लिहून नेलं. त्या दिवशी मी तुझ्या बाजूनं बोललो होतो, आठवते? बोललो म्हणजे, त्याला पाणी दिलं नाही.

मग खोकला. आधी तू म्हणायची, मिरचीचा ठसका आहे. मग म्हणायची, हवा बदलली. गेल्या पावसाळ्यात तुला सौसरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं छातीला नळी लावून ऐकलं अन् मला बाजूला घेतलं. म्हणाला, फुप्फुसं धुरानं गेलेली आहेत, आजची गोष्ट नाही, फार जुनी आहे. मी विचारलं, "मंग माही माय कशी म्हातारी होऊन मेली? थे बी त्याच चुलीपाशी होती." तो म्हणाला, प्रत्येकाचं शरीर वेगळं असते. मला पटलं नाही. त्याच्या पाठीमागं भिंतीवर त्याच बिनधुराच्या चुलीचं चित्र लावलेलं होतं. ज्याच्या भिंतीवर आधीच उत्तर लावलेलं, तो दुसरं काय सांगणार?

येताना बसमध्ये तू माझ्या खांद्याला टेकून बसली. चारचौघात आपण असं कधी बसलो नव्हतो. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाही. माघात तू गेली.

आता जे विचारायचं आहे ते विचारतो. तेरवी झाल्यावर सुमन म्हणाली, "मामाजी, आत्याबाई शिविराले गेल्या होत्या नं, तठी नर्सनं साऱ्या बायायच्या छात्या तपासल्या होत्या."

"काय म्हनली थे नर्स?"

"मले नाई सांगतलं. घरी आल्या, अन् दुसऱ्या दिवशी चूल फोडली, येवढंच सांगत होत्या."

तुला माहीत होतं का गिरजा? तेव्हाच? एवढ्या घाईनं, माझ्या मायची चूल एक दिवसही न ठेवता, ती घाई तुझ्या स्वभावातली नव्हती. तू तर लुगडं घेतानाही दुकानात बसून दोन चहा पिणारी. अन् वसंताचं लग्न झालं तसं सुमनला आधी काय शिकवलं, तर नळीतली काजळी काढायला. भाकर नंतर. मी सारं जोडून पाहिलं तर असं दिसते की तुला माहीत होतं अन् तू मला सांगितलं नाही.

काहून सांगितलं नाही, तेही मला कळते. तू सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, नर्सलाही चुली वाढवून दाखवायच्या असतील. मी हेच म्हटलं असतं. आज नर्स समोर आली तर आजही आधी हेच म्हणेन. पण तुला तरी विचारलं असतं ना, की दुखते का. तेवढं विचारायची संधी तू मला दिली नाही, अन् याचा मला तुझ्यावर राग आहे. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. कोण म्हणते ते मला माहीत नाही, पण त्याची बायको जिवंत असेल.

तू गेली त्या दिवशी आपल्या घरी चूल पेटली नाही. शेजारपाजारच्यांनी रीतीप्रमाणं पिठलं-भाकर आणली. सगळ्या बाया तुझ्यासाठी रडल्या, अन् बहुतेकींच्या भाकरीला धुराचा वास होता. मी तो घास तोंडात घेतला. एवढी वर्षं मी ज्या चवीसाठी भांडलो तीच ती चव होती. खाल्लं. पण तुला सांगतो, गोड नाही लागलं.

मागच्या हप्त्यात ब्लॉकचा साहेब आला. नवा आहे, तरुण पोरगा, मोटरसायकलवर. हार घेऊन आला होता, म्हणून बसवलं. मग हळूच गोष्ट काढली. गावात एक फलक लावायचा आहे. त्यावर तुझा फोटो, अन् खाली लिहायचं की या बाईनं सारं गाव बिनधुराचं केलं.

मी म्हटलं, "सारं गाव कोनतं? चला, घरोघरी दाखवतो. नळ्या मोरीले लागल्या हाय."

"काकाजी, वो सब ठीक है, पर ऊपर भेजना पड़ता है। बस इतना कह दीजिए कि चल रहे हैं।"

"तुमची माय कशावर रांधते, साहेब?"

तो हारातलं एक फूल तोडत बसला. मग म्हणाला, "लकड़ी पर ही। पुराने चूल्हे पर।"

"तुमी नाई घालून देल्ली?"

"वो मानती नहीं। कहती है, इसमें सरकार का क्या फायदा है, पहले ये बता।"

गिरजा, मला ती म्हातारी न पाहता ओळखू आली. मी त्या पोराला चहा दिला. फोटो नाही दिला. तू दिला असता, अन् वर म्हटलं असतं, फलकाच्या पैशात आधी बियाचं काही करा. मी तुझ्याएवढा मोठ्या मनाचा नाही. तुझं तोंड त्या खोट्याच्या वर मला टांगायचं नव्हतं. अन् त्यानं विचारलं की आपल्या घरची चूल तरी चालू राहील ना, तर मी म्हटलं, पाहू.

तेच पाहून राहिलो. वसंता पांढुर्ण्याहून आला होता, तो काम करते त्या जिनिंगमध्ये सुटी होती. तो म्हणते, "बाबा, सोडा नं आता थे बी. सारे पाकीट पेरून राहिले. तुमी या वयात कवेलूवर चढनार का?" सुमन म्हणते, मी रांधते अंगणात, तुम्ही बंद करा नळी. ती हो म्हणते याचाच मला भरवसा वाटत नाही. तूही कधी काळी असंच हो म्हणायची. तिला दिवस आहेत. चैताच्या उन्हात तिला तीन दगडांपुढं बसवायचं, नाही तर आत धुरात, नाही तर माझ्या मायची ज्वारी सोंड्यांना द्यायची. गावात ते बी आता आपल्याशिवाय कोणाजवळ राहिलं नाही. लोधीखेड्याच्या बहिणीकडंही पाकीट आलं. म्हणजे यंदा बी गेलं तर गेलं. पुन्हा आणायला जागा नाही.

दुपारी मी शिडी काढली. नळीला लावली, पण चढलो नाही. मग घरात जाऊन तीच शिडी आढ्याला लावली अन् जुड्या खाली काढल्या.

ढोरं बाहेर निंबाखाली बांधली. कोठ्याचा मागचा कोपरा तट्ट्यानं बंद केला, वर बांबू बांधला, कणसं टांगली, खाली घमेल्यात गोवऱ्या पेटवून वर ओला पाला टाकला. तुझी नळी उघडीच आहे, सुमन आत रांधून राहिली. पण याचा अर्थ सरकार बरोबर होतं असा नाही. सरकारनं सांगितलं म्हणून मी केलं नाही. हे लिहून ठेव, तिथं लिहायची सोय असेल तर.

एक गोष्ट मात्र मला माहीत नव्हती. घरात धूर करून दार ओढून घेता येत होतं. कोठ्यात कडबा भरलेला आहे, विस्तव ठेवून उठता येत नाही. जवळ बसावं लागते. बसलो. थोड्या वेळानं डोळे उघडेनात, घशात काटे, छाती अशी आवळली की मी तट्ट्याबाहेर तोंड काढून खोकलो. मग पुन्हा आत. मी तुझ्याबद्दल काही विचार केला नाही. धुरात विचार करता येत नाही, नुसतं बसता येते.

बाहेर शेवंता उभी. "काय भाऊजी, म्हातारपनी सासुरवासाले बसले का?"

"बियाले धूर देऊन राहिलो."

"अन् घरची नळी?"

"चालू हाय."

ती तट्ट्यातून डोकावली. कणसं पाहिली, घमेलं पाहिलं, मला पाहिलं. तोंडाला पदर लावला. "माह्याजवळ थोडी लाल ज्वारी हाय, मायची. टांगता का अठी?"

मला तू आठवली, उलथनं घेऊन उभी, बियासाठी खोली मागताना. मी म्हटलं, "टांगतो. दरवर्षी टांगतो. पन मोरीतली नळी काढून पुन्हा चुलीले लाव."

माझ्या तोंडून ते निघालं अन् मलाच जीपचा आवाज आल्यासारखं झालं. हे देतो, पण ते कर. शेवंतानं डोळे बारीक केले. मी त्या डोळ्यांना चांगला ओळखतो, आरशात रोज पाहतो.

"तुमाले काहून पायजे माह्या चुलीले नळी?" ती म्हणाली. "तुमी तं गिरजाबाईच्याच चुलीले शिव्या देत होते. यात तुमचं काय हाय, थे आधी सांगा."

मी काय सांगू? सांगितलं असतं तर तिला पटलं नसतं. मलाच कोणी सांगितलं असतं तर मला पटलं नसतं. मी म्हटलं, "काई नाई. धूर लई हाय, जा घरी."

ती गेली. घमेल्यात पाला टाकून मी थोड्या वेळानं बाहेर आलो, तर कोठ्याच्या दाराशी लाल ज्वारीची जुडी ठेवलेली. 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही. नळीचा एक शब्द नाही.

मी ती उचलून आत नेली अन् टांगली. आपल्या कणसांपासून हातभर लांब टांगली. तिच्या बियात आधीच सोंडे असले तर? एवढा संशय तर राहू दे मला, गिरजा.